उलटी प्रदक्षिणा

परदेशाहून आलेल्या बाईला पहिला प्रश्न जेवणाचा असतो आणि दुसरा थंडीचा. आमच्या भिशीत मात्र मी उंबरा ओलांडला मात्र, सगळ्यांनी एकच विचारलं, "काय हो, तुमच्या वन्सं तिकडं हरवल्या म्हणे?" बातमी माझ्याआधी पोचली होती. आता हरवल्या म्हणायचं की नाही, हे सगळं ऐकून तुम्हीच ठरवा.

वन्संचा मुलगा स्वित्झर्लंडमध्ये बर्नला नोकरीला आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यानं आम्हां तिघांना बोलावून घेतलं. वन्संना, मला आणि ह्यांना. वन्सं आता सत्तरीच्या. गुडघे दुखरे, इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. आणि मुख्य म्हणजे जन्मात कधी एकट्या प्रवासाला गेलेल्या नाहीत. आधी वडील, मग यजमान, मग मुलगा, कोणी ना कोणी तिकीट काढायला पुढं. सांगलीहून मिरजेला जायचं तरी शेजारचा मुलगा यष्टीत बसवून द्यायचा. माझंही फारसं वेगळं नाही म्हणा. तिकिटं, वेळापत्रकं ही ह्यांच्या खिशातली गोष्ट.

भाचा म्हणाला, "मामी, मला काही रजा नाही. पण तुम्ही दोघी आठ दिवस इंटरलाकेनला जाऊन राहा आणि मिळेल त्या वाहनानं फिरा. मोटार लागत नाही इथं." ह्यांना डोंगराचं वावडं. ते बर्नलाच नातवाबरोबर पत्ते खेळत बसणार होते. राहिलो आम्ही दोघी.

बर्नच्या दक्षिणेला जो डोंगराळ मुलूख आहे त्याला बर्नर ओबरलांड म्हणतात, म्हणजे बर्नचा वरचा मुलूख. त्यात थून आणि ब्रिएन्त्स अशी दोन लांबट सरोवरं, आणि त्यांच्यामधल्या जमिनीच्या पट्टीवर इंटरलाकेन. नावाचा अर्थच मुळी 'तळ्यांच्या मधलं'. गावात दोन स्टेशनं, वेस्ट आणि ओस्ट, म्हणजे पूर्व. गावात एका बागेत आपल्या यश चोप्रांचा पुतळाही आहे, २०१६ साली बसवलेला. वन्संना तो पाहून फार बरं वाटलं. "चला, ओळखीचं कोणीतरी भेटलं," म्हणाल्या.

बर्न स्टेशनवर भाच्यानं आम्हांला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, तिथलं घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा फेरी पुरी करून बारावर क्षणभर थांबतो, मग मिनिटकाटा टक्कन पुढं सरकतो आणि लाल काटा पुन्हा निघतो. दुसरी, वेळापत्रकाची रीत. १९८२ सालापासून तिथं गाड्या दर तासाला त्याच त्या मिनिटाला सुटतात. आठ वाजून चार मिनिटांची असेल, तर नऊ चारलाही आहे आणि दहा चारलाही. पुष्कळ ठिकाणी दर अर्ध्या तासानं. शिवाय एक गाडी पोचली की पाचसात मिनिटांत दुसरी, ती पोचली की बाहेर बस किंवा धक्क्याला आगबोट, अशी सगळ्यांची सांगड घातलेली. "मामी, गाडी चुकली तर फलाटावर बसून राहायचं. रडायचं नाही," असं त्यानं बजावलं. रडायचं नाही हे आईकडं बघून म्हणाला, पण उपयोगी पडलं ते मला.

आमच्याजवळ परदेशी पाहुण्यांना मिळतो तो स्विस ट्रॅव्हल पास होता. ठरावीक दिवसांचा एकच पास, त्यावर आगगाडी, पिवळी टपालबस, सरोवरातली बोट सगळं चालतं. उंच डोंगरावर चढणाऱ्या गाड्यांना मात्र बहुतेक ठिकाणी वेगळं तिकीट पडतं. पास दाखवला की त्यात सवलत मिळते, एवढं ध्यानात ठेवावं.

मला एक खोड आहे. घरी मी रात्री झोपण्यापूर्वी उद्याचं टाचण करते: दूध, गॅस, इस्त्री, कोणाचा डबा. तिकडंही रोज रात्री कागदाच्या दोन चिठ्ठ्या करायची. गावांची नावं आधी मराठीत, खाली त्यांच्या लिपीत, पुढं वेळा, शेवटी हॉटेलचं नाव आणि भाच्याचा नंबर. एक माझ्या पर्समध्ये, एक वन्संच्या. त्या रोज म्हणायच्या, "अगं, शाळेच्या सहलीतल्या पोरासारखं काय हे माझ्या गळ्यात बांधतेस?" पण ठेवून घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशीची चिठ्ठी अशी होती: इंटरलाकेन ओस्ट, लाउटरब्रुनेन, वेंगेन, क्लाइने शायडेक. तिथे जेवण. परत ग्रिंडेलवाल्डमार्गे इंटरलाकेन. म्हणजे एका बाजूनं डोंगर चढायचा, खिंडीत जेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. या संपूर्ण फेरीचं तिकीट आदल्या दिवशीच काढून ज्याचं त्याच्या पर्समध्ये ठेवलं होतं. देवाची कृपा म्हणायची ती हीच.

इंटरलाकेन ओस्टहून पुढं रूळ अरुंद होतात. डोंगरातली गाडी वेगळी, छोटेखानी. फलाटावर ही गर्दी! कोरियन मुली, अरब कुटुंबं, आपल्याकडचा एक मोठा गट. गाडी आली तशी मी जेवणाची पिशवी आणि छत्र्या सावरत एका दारातून चढले. वन्संना गर्दीनं पुढच्या दारापाशी नेलं. त्यांनी हात केला, मीही केला. म्हटलं, गाडी एकच आहे, आतून चालत येतील. आपल्याकडच्या सवयीनं केलेला विचार.

पण ती गाडी दिसायला एक, असते दोन. पंधरा मिनिटांच्या आत एक छोटं स्टेशन येतं, त्स्वायल्युचिनेन. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ सोपा आहे, 'दोन ल्युचिना'. पांढरी ल्युचिना लाउटरब्रुनेनच्या दरीतून येते, काळी ल्युचिना ग्रिंडेलवाल्डच्या. इथं त्यांचा संगम होतो, आपल्या कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा होतो तसा. नद्या जिथं एक होतात तिथंच आगगाडीचे मात्र दोन तुकडे होतात. एक भाग एका नदीकाठानं जातो, दुसरा दुसरीच्या. फलाटावर पाटी असते, डब्यावरही लिहिलेलं असतं. आम्ही वाचलं नव्हतं, दोष कोणाला देणार?

खटकन आवाज झाला, गाडी निघाली आणि वळणावर खिडकीतून मी पाहते तो दुसरी गाडी पलीकडच्या दरीत शिरत होती. डबा शेवटपर्यंत पालथा घातला. वन्सं नव्हत्या. त्यांचा फोन चार्जिंगला म्हणून हॉटेलच्या टेबलावर राहिलेला.

लाउटरब्रुनेनची दरी म्हणजे दोन्ही बाजूंना सरळ तासलेले कडे आणि त्यांवरून लोंबणारे धबधबे. गावाच्या डोक्यावरच श्टाउबबाख पडतो, जवळजवळ तीनशे मीटरांवरून, आणि खाली येईपर्यंत त्याचं नुसतं धुकं होतं. हे मी परतून दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्या वेळी मला काही दिसलं नाही. पायांत बळ नव्हतं. ह्यांना काय तोंड दाखवू, भाच्याला काय सांगू, एवढंच डोक्यात.

तिकिटाच्या खिडकीत एक तरुण मुलगा होता. मोडक्या इंग्रजीत सांगितलं: म्हातारी बाई, जांभळी साडी, तपकिरी स्वेटर, पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यानं शांतपणे फोन उचलला, ग्रिंडेलवाल्डला विचारलं. त्यांची गाडी पोचायला अजून वेळ होता, कारण ती दरी लांब. तिकडची गाडी पस्तीस मिनिटं घेते, आमची वीस. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा फोन केला आणि मान हलवली. गाडी आली, पण साडीतली बाई फलाटावर नाही.

मैत्रिणींनो, त्या दोन-चार मिनिटांत मी आयुष्यभराचे नवस बोलले असेन. आता करायचं काय? मागं त्स्वायल्युचिनेनला जाऊन तिथून ग्रिंडेलवाल्ड गाठायचं, की इथंच थांबायचं, की वर जायचं? मी ग्रिंडेलवाल्डला जावं आणि त्या मला शोधत इकडं याव्यात, असा लपंडाव दिवसभर चालला असता. भाच्याला फोन करायला घेतला आणि ठेवला. तो बर्नला बसून काय करणार? मग चिठ्ठी काढली. वन्संजवळही हीच आहे. भरतकामाचा एक टाका चुकला तर सगळं उसवून पाहणारी बाई ती. ती चिठ्ठी वाचणारच. आणि चिठ्ठीत थांबायचं ठिकाण एकच लिहिलेलं, क्लाइने शायडेक, तिथे जेवण. मी खिडकीतल्या मुलाला सांगितलं, मी वर जाते. त्यानं माझा नंबर लिहून घेतला.

वर चढणारी गाडी दातेरी रुळावर चालते. दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखा तिसरा रूळ असतो आणि गाडीखालचं दात्यांचं चाक त्यात अडकत अडकत वर जातं. आपल्या माथेरानच्या गाडीला असा रूळ नाही, ती वळणावळणानं चढते. उटीच्या गाडीला आहे, आणि त्याची युक्ती रोमान आप्ट नावाच्या स्विस इंजिनिअरचीच. इथला हा मार्ग १८९३ सालचा, सुमारे १९ किलोमीटरांचा. अखंड दातेरी रुळाचा एवढा लांब मार्ग जगात दुसरा नाही असं सांगतात. वाटेत वेंगेन लागतं. त्या गावाला मोटारीचा रस्ताच नाही. पीठमीठ, दूध, गादी, कपाट, सगळं याच गाडीनं येतं. लाउटरब्रुनेन आठशे मीटरांच्या आत, क्लाइने शायडेक २०६१ मीटरांवर. चाळीसएक मिनिटांत कान दोनदा दडले.

खिंडीत उतरले. इथं दोन्ही बाजूंच्या गाड्या संपतात, प्रवाशांनी बदलायचं. समोर आयगरची काळी भिंत उभी. ३९६७ मीटरांचा डोंगर, उत्तरेची बाजू इतकी खडी की ती पहिल्यांदा सर व्हायला १९३८ साल उजाडलं. लोक माना वर करून बघत होते. मी माना खाली घालून बाकं बघत होते.

आणि तिसऱ्या बाकावर वन्सं! चपला, म्हणजे बूट, काढून पाय उन्हात पसरलेले, मांडीवर रुमाल, रुमालात आमचे मेथीचे ठेपले. शेजारी एक सोनेरी केसांची आजीबाई ठेपला चघळत बसलेली.

मला रडू फुटलं. वन्सं म्हणाल्या, "अगं, उशीर का केलास? चिठ्ठीत पावणेबाराची वेळ आहे."

सगळं नंतर हळूहळू कळलं. गाडी फुटल्यावर त्यांना काहीच समजलं नव्हतं. तिकीट तपासनीस आला तेव्हा त्यानं तिकीट पाहिलं, मान डोलावली आणि पुढं गेला. त्यामुळे आपण बरोबर आहोत असा त्यांचा समज. ग्रिंडेलवाल्डला उतरून पाहतात तो मी नाही. फलाटावरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहिलं. पहिल्या ओळीत नाही, दुसऱ्या ओळीत नाही, परतीच्या ओळीत सापडलं. "मग माझ्या लक्षात आलं," वन्सं सांगत होत्या, "रस्ता वाटोळा आहे. तू इकडून निघालीस, मी तिकडून. प्रदक्षिणा उलटी झाली एवढंच. देऊळ तर तेच!" समोरच्या फलाटावर गाडी उभी होती. तिच्यावरचं नाव चिठ्ठीतल्या अक्षरांशी जुळलं, तशा चढून बसल्या. म्हणून त्या मुलाच्या फोनला फलाट रिकामा सापडला.

घाबरल्या नाहीत असं नाही. ती गाडी ग्रिंडेलवाल्डहून निघते ती आधी चक्क खाली उतरते, तळाच्या स्टेशनापर्यंत, आणि तिथून उलटी फिरून वर चढायला लागते. खाली जायला लागल्याबरोबर वन्संच्या पोटात गोळा आला. उभ्याच राहिल्या. तेव्हा या आजीबाईनं हाताला धरून बसवलं, बोटानं आधी खाली दाखवलं, मग वर. भाषा कोणाचीच कोणाला नाही. पुढचा अर्धा तास दोघी एकमेकींच्या नातवंडांचे फोटो बघत आल्या. आमच्या वन्संजवळ फोटो कागदी, पर्समधले, म्हणून बरं!

मी लाउटरब्रुनेनच्या मुलाला फोन करून 'मिळाल्या' सांगितलं. मग आम्ही चौथ्या ठेपल्यावर लोणचं घेतलं. तिथं खाण्याच्या वस्तू फार महाग, डबा न्यावाच. पाणी विकत घेऊ नये, गावोगाव वाहते नळ आहेत आणि मनाई लिहिली नसेल तर ते निर्धास्त प्यावं.

खिंडीतून अजून वर, ३४५४ मीटरांवर, युंगफ्राउयोखला जाणारी गाडी आहे. नऊ किलोमीटरांचा मार्ग, त्यातला सातांहून अधिक आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाला ही कल्पना १८९३ मध्ये सुचली, १८९६ ला काम लागलं, १८९९ ला तो वारला आणि गाडी वर पोचली १९१२ साली. वन्संचं ब्लडप्रेशर आणि तिकिटाचा आकडा, दोन्ही पाहून आम्ही खालूनच नमस्कार केला. त्याची हळहळ मला अजून आहे, वन्संना नाही.

उतरताना मी त्यांचा हात धरून डब्यात चढले. त्यांनी तो सोडवून घेतला. "आधी पाटी वाच," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी त्या लिहायला लागल्या. मी नावं सांगायची, त्या लिहायच्या आणि वेळापत्रकाच्या पुस्तिकेशी स्वतः ताडून बघायच्या. त्यांनी आखलेला म्युरेनचा दिवस तर एका दिवसात किती वाहनं बसवावीत याचा नमुना होता. लाउटरब्रुनेनहून आधी केबल कारनं कड्यावर ग्र्युचाल्पला. इथं पूर्वी दोरानं ओढली जाणारी गाडी होती, १८९१ पासूनची. २००६ साली तिच्या जागी ही केबल कार आली. माणसं वर बसतात आणि तिच्या पोटाखाली सामान लटकतं. वर कड्याच्या काठानं जाणारी चिमुकली आगगाडी, चारेक किलोमीटरांची, ती म्युरेनला सोडते. तिथंही मोटारी नाहीत. परत उतरायला म्युरेनहून थेट दरीत झेपावणारी केबल कार, २०२४ च्या डिसेंबरात सुरू झालेली, जगातल्या सर्वांत खड्या केबल कारींत गणली जाणारी. वन्संनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ती अर्धी व्हायच्या आत आम्ही खाली! खाली पिवळी टपालबस उभीच. या बसचा भोंगा तीन सुरांचा आहे, रोसिनीच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतातून घेतलेला, आणि अरुंद घाटात वळणावर वाजवतात. आमची वाट दरीतली सरळ, त्यामुळे ऐकायला मिळाला नाही. वन्संनी ड्रायव्हरला खुणेनं 'पों पों' करून विचारलं. तो हसला, पण वाजवला नाही.

गीसबाखची गंमत मात्र थोडी सविस्तर सांगते. इंटरलाकेन ओस्टच्या मागच्या धक्क्यावरून ब्रिएन्त्स सरोवरात बोट निघते. पाणी असं हिरवंनिळं की निळीचं पोतं धुतलंय वाटावं. हिमनद्यांनी दळून आणलेल्या खडकाच्या पिठीमुळे हा रंग येतो. वाटेत इझेल्टवाल्ड गावाचा एक धक्का लागतो. तो एका कोरियन मालिकेत दिसला, तेव्हापासून तिथं फोटोसाठी एवढी झुंबड की गावानं २०२३ पासून धक्क्यावर पाऊल टाकायचे पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. आम्ही बोटीतून फुकट पाहिला. पुढं गीसबाखला उतरलं की धक्क्यालाच दोरावरची गाडी, १८७९ सालची. एकाच दोराला दोन डबे, एक वर जाताना दुसरा खाली येतो, आणि मधोमध रूळ फाकलेले असतात तिथं दोघं एकमेकांना वाट देतात. पूर्वी वरच्या डब्यात पाणी भरायचे, त्याच्या वजनानं तो उतरायचा आणि खालच्याला ओढून घ्यायचा. आता वीज आहे. वन्सं म्हणाल्या, "आमच्या वाड्याच्या विहिरीवर असाच रहाट होता. एक घागर खाली, एक वर."

शेवटच्या दिवशी सामान घेऊन बर्नला परतायचं होतं. इंटरलाकेन वेस्टहून थूनपर्यंत आगगाडी अर्ध्या तासाची. सरोवरातून बोटीनं गेलं तर दोन तासांहून थोडं अधिक. दोन्हींकडं बोटीचा धक्का स्टेशनाला लागूनच. त्या दिवशी 'ब्ल्युमलिसाल्प' ही वाफेची बोट होती, १९०६ सालची, दोन्ही बाजूंना पाणी कापणारी मोठी चाकं असलेली. १९७१ साली ती मोडीत निघाल्यासारखी बाजूला पडली होती. लोकांनी हट्ट धरून दुरुस्त करवली आणि १९९२ पासून ती पुन्हा सरोवरात फिरते.

दोन बॅगा, एक पिशवी घेऊन बोटीत चढउतार करायची माझी तयारी नव्हती. वन्सं म्हणाल्या, "तू सामान घेऊन गाडीनं जा. मी बोटीनं येते."

"एकट्या?"

"एकटी. थूनला धक्क्यावर उभी राहा." आणि पर्समधून चिठ्ठी काढून दाखवली. सुटायची वेळ, पोचायची वेळ, बोटीचं नाव, मधले थांबे, सगळं त्यांच्या गोल अक्षरात.

मी थूनला पोचून सामान लॉकरमध्ये टाकलं आणि धक्क्यावर ताटकळत उभी राहिले. भाच्याचा फोन आला, "आई कुठाय?" म्हटलं, "बोटीत." तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्ही दोघी बरोबर नाही?" मी म्हटलं, "रडायचं नाही." 

बोट कालव्यातून हळूच वळली तेव्हा वन्सं कठड्यापाशी नव्हत्या. पोटात धस्स झालं. माणसं उतरली, मुलं उतरली, सायकली उतरल्या. सर्वांत शेवटी वन्सं आल्या, हाताला तेलाचा वास. दोन तास त्या डेकवर बसल्याच नव्हत्या. बोटीच्या मधोमध इंजिन उघडं ठेवलेलं आहे, वरून वाकून बघता येतं. तिथंच उभ्या होत्या, आणि यंत्रावरच्या माणसानं त्यांना पितळेची एक मूठ पुसायला दिली होती.

"बर्नची गाडी किती वाजता?" मी विचारलं.

"तीन नंबरच्या फलाटावर, सहा मिनिटांनी," वन्सं म्हणाल्या. "चल, पाय उचल."